घरचा जुना रंधा पुन्हा चालता करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीमाभागात घराची वाटणी झाली किंवा जुनं कौलारू घर पाडायला काढलं की माळ्यावरून सुतारकामाची पेटी खाली येते. तिच्यात करवत असते, दोन-तीन पटाश्या, वाकस आणि एक रंधा. बाकीच्या हत्यारांचं काय करायचं ते लोकांना साधारण माहीत असतं. रंध्यापाशी मात्र गाडी अडते, कारण त्याला भाग जास्त आणि बिघडवायच्या जागाही जास्त. म्हणून ही उत्तरं मुख्यतः रंध्याची आहेत. गंज आणि धार यांबद्दलचं पटाशीलाही लागू पडेल. माझं मत आधीच सांगतो: रंधा चालता करा, चकचकीत करायच्या मागे लागू नका.

रंधा कुठला आहे, कसं ओळखायचं?

तळ बघा. लाकडी असेल तर तो बहुधा इथल्याच एखाद्या मेस्त्रीने आपल्या हाताला बसेल असा घडवलेला असतो. त्याचं पातं मात्र बऱ्याचदा बाहेरून आलेलं. पाचर काढून पात्याच्या वरच्या टोकाजवळ ठसा दिसतो का ते पाहा. ‘शेफिल्ड’ असं वाचता आलं तर ते इंग्लंडच्या पोलादनगरीचं. अशा जुन्या जाड पात्यांत पुष्कळदा मऊ लोखंडाच्या पट्टीवर कडक पोलादाचा थर जोडलेला असतो, आणि धारेच्या उतारावर दोन छटांमधली रेघ दिसते. ही रेघ दिसली तर रंध्याचं लाकूड गेलेलं असलं तरी पातं जपा. त्याच्याभोवती नवा रंधा घडवता येतो.

लोखंडी रंधा असेल तर तो जवळजवळ नक्की बेली नमुन्याचा: मागे मूठ, पुढे लाकडी गोंडा, पात्यामागे पितळी चक्री. लिओनार्ड बेली या अमेरिकन माणसाची ही रचना. त्याची पेटंटं स्टॅनले कंपनीने १८६९ मध्ये घेतली, आणि पुढे शेफिल्डच्या रेकॉर्ड कंपनीपासून आपल्याकडच्या कारखान्यांपर्यंत सगळ्यांनी तोच साचा गिरवला. अंगावर आकडा असतो. ४ म्हणजे साधारण पावणेदहा इंची, शेवटचा हात मारायचा. ५ म्हणजे १४ इंची, सगळ्या कामाचा. ६ म्हणजे १८ इंची आणि ७ म्हणजे २२ इंची, फळ्यांच्या कडा सरळ करायचा. जुन्या पेट्यांत ५ नंबर पुष्कळ दिसतो आणि तेच बरं, एकच रंधा ठेवायचा झाला तर तोच ठेवावा.

स्टॅनलेच्या काही रंध्यांवर, पातं ज्यावर टेकतं त्या बैठकीमागे, ओतीव अक्षरांत पेटंटच्या तारखा असतात. मार्च १९०२, ऑगस्ट १९०२ आणि एप्रिल १९१० अशा तीन तारखा एकत्र असतील तर तो रंधा साधारण १९१० ते १९१८ या काळातला धरतात. स्टॅनलेवरच ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर तो १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा. रेकॉर्डचे रंधे त्याच दशकाच्या सुरुवातीला बाजारात आले. छोटा बाणाचा ठसा दिसला तर तो ब्रिटिश सरकारी मालाचा. बेळगावात छावणी होती, हुबळीला रेल्वेचं वर्कशॉप, तेव्हा असा रंधा या भागातल्या घरात निघाला तर नवल नाही. आजोबांकडे तो कसा आला हे घरात विचारायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

किती पैसे येतील?

४ आणि ५ नंबर लाखोंनी निघाले. त्यामुळे फार नाही. पण भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नका. विकायचाच असेल तर एखाद्या काम करणाऱ्या मेस्त्रीला द्या.

हात घालण्याआधी काय करू नये?

अँगल ग्राइंडर लावू नका. तारेचा ब्रश लावलेलं मशीन गंज पाच मिनिटांत उडवतं, पण त्याबरोबर ठसे, आकडे आणि कडा पण जातात. फ्लॅप डिस्कने तळाला खड्डे पडतात आणि ते परत भरून येत नाहीत. लाकडी रंधा पाण्यात बुडवू नका. ओतीव लोखंडाच्या अंगावर पोलादी हातोडा नको, ते वाकत नाही, तडकतं. रंग मारू नका. आणि अंगावर ठोकलेली अक्षरं, मग ती मराठी असोत, कन्नड असोत की इंग्रजी, ती घासू नका. सामायिक कामावर हत्यारं अदलाबदल होऊ नयेत म्हणून मेस्त्री लोक आपली खूण ठोकत. ती खूण हीच त्या रंध्याची सातबारा.

मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा. सुटे भाग परत जोडताना ते लागतात.

खोलायचा कसा? पाचर हलत नाही.

लाकडी रंध्याची पाचर ओढून निघत नसते. रंधा हातात धरून त्याच्या मागच्या टोकावर, लाकडाच्या उभ्या डोक्यावर, लाकडी हातोड्याने ठोका. धक्क्याने पातं मागे सरकतं आणि पाचर सैल होते. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असेल तर जबरदस्ती नको. कोरड्या खोलीत पंधरा दिवस पडू द्या, उन्हात नको. उन्हाने फुगलेलं लाकूड एकदम आखडतं आणि तोंडापाशी, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीपाशी, चीर जाते.

लोखंडी रंध्यात आधी वरच्या टोपीची कळ उचला, टोपी काढा, मग दुहेरी पातं अलगद वर येतं. पातं आणि त्यावरची पट्टी एका रुंद स्क्रूने जोडलेली असतात. या स्क्रूची खाच पातळ आणि लांब असते, घरातला साधा स्क्रूड्रायव्हर त्यात डुलतो आणि खाच खातो. जुन्या स्क्रूड्रायव्हरचं टोक घासून खाचेत घट्ट बसेल असं करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. गंजलेल्या स्क्रूवर गंज सैल करणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, आणि फिरवताना आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग उलटं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या स्टॅनलेच्या स्क्रूंचे आटे आजच्या मिलिमीटरच्या आट्यांशी जुळत नाहीत, आणि त्या काळच्या सर्वसाधारण इंची आट्यांशीही नेहमी जुळत नाहीत. स्क्रू हरवला तर बाजारातला ‘जवळपासचा’ स्क्रू पिळून बसवू नका, ओतीव लोखंडातले आटे कायमचे जातात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवाले आहेत, रंधाच सोबत नेला तर तसाच करून देणारा सापडतो.

गंज काढायला सगळ्यात चांगलं काय?

गंज किती आहे त्यावर आहे. वरवरचा तांबूस थर असेल तर रसायनाची गरजच नाही. डिझेल किंवा शिलाई मशीनचं तेल लावा, थोड्या वेळाने जुन्या ब्लेडने आडवं खरवडा, मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून एकाच दिशेने फिरवा. निम्म्याहून अधिक रंधे एवढ्यावर सुधारतात. खाली करडा-काळा रंग राहतो तो राहू द्या, तो गंज नव्हे, लोखंडाचं वय आहे.

पापुद्रे धरले असतील तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. एक लिटर पाण्याला साधारण ५० ग्रॅम. प्लास्टिकच्या टबात फक्त लोखंडी सुटे भाग बुडवा. मूठ, गोंडा, पितळ बाजूला. दर अर्ध्या-पाऊण तासाने काढून ब्रश मारून बघा. झोपायला जाताना टाकून सकाळी काढू असं नको, आम्ल गंज संपल्यावर थांबत नाही, चांगलं लोखंड खायला लागतं आणि पृष्ठभाग खडबडीत करून ठेवतं. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, स्वच्छ पाण्याने धुवा, लगेच फडक्याने पुसून गरम हवेने वाळवा आणि तेल लावा. यात पाच मिनिटांचा उशीर झाला तर डोळ्यांदेखत केशरी झाक चढते. घरात व्हिनेगर असेल तर तेही चालतं, फक्त हळू.

बाथरूम धुवायचं ॲसिड मात्र नको. ते भयंकर जोरात खातं, आणि त्याच्या वाफेने त्याच खोलीतली बाकीची हत्यारं, सायकलची चेन, कपाटाच्या बिजागऱ्या असं सगळं गंजतं.

काहीजण धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून वीजेने गंज काढतात. पद्धत चांगली आहे, चांगलं लोखंड खात नाही. पण रंधा चार्जरच्या ऋण टोकालाच जोडायचा, धन टोकाला साधं भंगार लोखंड. तिथे स्टीलचा चमचा किंवा डबा कधीच लावायचा नाही, त्यातला क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतो. हे उघड्यावरच करायचं, कारण त्यातून हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी-काडी नको. रंध्यावरचा मूळ काळा लेप सैल होऊ शकतो, तो शाबूत असेल तर मी ही पद्धत वापरायला सांगत नाही.

पितळी चक्री काळी पडलीय.

चिंच आणि मीठ, देव घासतो तसं. नीट धुवा, मीठ राहिलं तर शेजारचं लोखंड गंजेल. आट्यात तेलाचा थेंब.

तळ एकदम सपाट लागतो म्हणतात. उद्यमबागेत ग्राइंडिंगला देऊ काय?

४ आणि ५ नंबरला गरज पडत नाही. तळाचं पुढचं टोक, पात्याच्या तोंडाची पुढची कड आणि मागचं टोक, एवढ्या तीन जागा एका पातळीत असल्या की रंधा काम करतो. मधे थोडा खळगा असला तर बिघडत नाही. तपासायला जाड काच घ्या, दहा मिलिमीटरची. शहाबादी फरशी नको, ती डोळ्याला सपाट दिसते एवढंच. काचेवर १२० नंबरचा पेपर चिकटवा, तळावर मार्करने आडव्या रेघा मारा, पातं आत ओढून पण टोपी नेहमीइतकी आवळून ठेवा, कारण आवळल्याने अंग किंचित ताणतं आणि काम करताना ते तसंच असणार. सात-आठ हात फिरवून बघा रेघा कुठे पुसल्या. वरच्या तिन्ही जागी पुसल्या असतील तर झालं, थांबा.

बेळगावात ओतकाम आणि मशिनिंगचं मोठं जाळं आहे, त्यामुळे सरफेस ग्राइंडरवर टाकायचा मोह इथल्या लोकांना जरा जास्तच होतो. दिलाच तर मालकाला सांगा की चुंबकाने ओढून बसवू नका. पातळ ओतीव अंग चुंबकाखाली वाकतं, तसंच घासलं जातं आणि सोडल्यावर परत वाकडं होतं.

लाकडी रंध्याचा तळ दुसऱ्या धारदार रंध्याने सारखा करतात. मात्र प्रत्येक वेळी तोंड थोडं रुंद होतं. फार रुंद झालं तर तोंडापुढे शिसवीचा तुकडा खाचेत बसवून घेणं हा जुना आणि चांगला उपाय.

धार : इथेच सगळं अडतं. नीट सांगा.

पात्याला दोन बाजू. उताराची बाजू सगळे घासतात, सपाट पाठ कोणी घासत नाही. धार म्हणजे दोन पृष्ठभाग भेटतात ती रेघ, त्यातला एक गंजाच्या खड्ड्यांनी भरलेला असेल तर दुसरा आरशासारखा असून उपयोग नाही. म्हणून आधी पाठ. टोकाकडचा अर्धा-पाऊण इंच सहाणेवर सपाट दाबून घासा, खड्डे जाईपर्यंत. बाकीच्या पाठीला हात लावायची गरज नाही. खड्डे खोल असतील तर तेवढं टोकच कापून पुढे जाणं सोपं.

मग उतार. २५ अंशांचा मुख्य उतार आणि टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी. कोनमापक नसेल तर पात्याची जाडी मोजा. उताराची लांबी जाडीच्या साधारण २.४ पट असेल तर कोन २५ अंश, बरोबर दुप्पट असेल तर ३० अंश. पूर्वी मेस्त्री हे डोळ्याने करत, आपण पट्टी वापरू.

बाजारातल्या वेगवान ग्राइंडरवर पातं टेकवून धरणं हा रंध्याच्या पात्याचा सर्वांत मोठा शत्रू. टोक निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. मग कितीही धार लावा, दहा हातांत बोथट. निळा भाग संपूर्ण घासून काढणं किंवा ओळखीच्या लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घेणं हेच दोन मार्ग. ग्राइंडर वापरायचाच तर पातं क्षणभर टेकवा, पाण्यात बुडवा, बोटाला चटका बसण्याआधी.

पुढचं काम सहाणेवर. दुहेरी ऑइल स्टोनच्या खरखरीत बाजूने सुरू करा. पाठीला टोकापाशी बारीक कंगोरा बोटाला लागला की समजा धारेपर्यंत पोचलो. मग गुळगुळीत बाजू, मग असल्यास १००० नंबरचा आणि त्यापुढचा, पाणी लावून वापरायचा दगड. सहाण मधे खोल झाली असेल तर आधी ती काचेवर सपाट करा, नाहीतर धार कमानीसारखी येते. शेवटी चामडं. ते आपल्याकडे मुबलक आहे. अथणी, निपाणीकडे कोल्हापुरी चपला करणाऱ्यांकडे झाडाच्या सालीने कमावलेल्या जाड चामड्याच्या कातरणी मिळतात. एक पट्टी फळीवर चिकटवा, हिरवी पॉलिश पेस्ट चोळा, आणि पातं फक्त मागे ओढा, पुढे ढकलू नका.

झालं हे कसं कळेल? मऊ देवदाराच्या फळीच्या आडव्या कापलेल्या टोकावर हातानेच पातं फिरवून बघा. तंतू चिरडत नसतील, चमकदार कापले जात असतील, तर धार आहे.

पात्यावरची दुसरी पट्टी कशासाठी? ती काढून टाकली तर?

काढू नका. ती ढलपी धारेच्या लगेच मागे मोडते, म्हणून उलट्या रेषेचं लाकूडही कमी उचकटतं. धारेपासून साधारण एक मिलिमीटर मागे ठेवा, शेवटच्या हाताला अजून कमी. पट्टी आणि पातं यांच्यामध्ये उजेड दिसला तर तिथे ढलपी अडकते; पट्टीची कड सहाणेवर सपाट करा.

मूठ तुटलीय. नवी करू की जोडू?

जोडा. जुन्या मुठी पुष्कळदा शिसवीच्या असतात आणि त्यांचा आकार तळव्याने घासून घासून झालेला असतो. ताजी चीर असेल तर फेव्हिकोलसारखा लाकडाचा गोंद पुरतो. चिरेत तेल-मळी मुरली असेल तर ती थिनरने धुवून इपॉक्सी लावा. आवळायला शिकंजा बसत नाही, सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळा. जोडल्यावर मधला लांब बोल्ट पिळू नका, बहुतेक मुठी त्यानेच तुटलेल्या असतात.

नवीच करायची तर मेस्त्रीकडे शिसवीचे, फणसाचे किंवा सागाचे तुकडे पडलेले असतात, ते मागा. खानापूरच्या पश्चिमेचं जंगल, त्यात भीमगड अभयारण्य, तिथून फांदी आणायचा विचारही नको. शिसव आणि साग यांच्या तोडीवर, वाहतुकीवर वनखात्याचे नियम कडक आहेत. शिसव घासताना तोंडाला मास्क लावा, तिच्या भुशाने अनेकांना खाज आणि दमा उठतो.

लाकडी रंध्यातून पिठासारखी भुकटी पडतेय.

भुंगा आहे. तो बहुधा फिकट रंगाच्या बाहेरच्या लाकडात असतो, सागाच्या गाभ्यात सहसा जात नाही. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजमध्ये दोन आठवडे ठेवा, मग पिशवी न उघडता बाहेर तापमानावर येऊ द्या. घरचे लोक आधी कुरकुर करतात. मातीचे बोगदे दिसले तर ती वाळवी, मग रंध्यापेक्षा आधी माळा बघा.

खोबरेल लावलं तर चालतंय काय?

लोखंडाला घाईत, होय. लाकडाला नको. खोबरेल आणि शेंगतेल वाळत नाहीत; लाकडात मुरून चिकट होतात, धूळ धरतात, पुढे खवट वास येतो. लाकडाला जवसाचं तेल. ते हवेत वाळून घट्ट होतं. पातळ हात द्या, वीस मिनिटांनी सगळं पुसून काढा, दोन दिवस वाळू द्या, मग दुसरा हात. तळाला शेवटी मेण घासा, रंधा हलका चालतो.

जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. हे घाबरवायला सांगत नाही, सुतारकामाच्या शेडला आग लागायचं हे जगभरातलं नेहमीचं कारण आहे. बोळे दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

पावसाळ्यात पुन्हा गंज येतो. काय करूया?

तुम्ही कुठे राहता त्यावर उत्तर बदलतं. खानापूर, कणकुंबी, जांबोटीकडे जून ते सप्टेंबर भिंतीलाच पाणी सुटतं. तिथे रंधा भिंतीच्या कपाटात नको, आतल्या खोलीत उंचावर, आणि दर पंधरा दिवसांनी तेलाचं फडकं. कारवारला खारा वारा बारमाही आहे, तिथे तेलाऐवजी मेणाचा थर जास्त टिकतो. भालकी, बसवकल्याणकडे गंजाचा त्रास कमी, पण उन्हाळ्यात लाकडी रंधा तडकतो; तिथे एप्रिलपूर्वी जवसाचा एक हात द्या.

रंधा वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधणंही वाईट. तेल लावलेलं सुती कापड, लाकडी पेटी, आणि औषधांच्या बाटल्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. लाकडी रंधा ठेवताना पाचर सैल करून ठेवा, फुगलं तर अंग फाटणार नाही.

खंडेनवमीला पूजा करतो. हळदीकुंकवाने गंजतो काय?

हळदीकुंकवाने तितकं नाही, त्यातल्या ओलीने. आणि नारळाच्या पाण्याने. पूजा करायचीच, ती चुकवायची नाही. पण गंध धारेवर न लावता मुठीवर लावा, आणि दुसऱ्या दिवशी हत्यारं उचलताना पुसून तेल लावा. दिवाळीपर्यंत तसाच ठेवलेला रंधा कुंकवाच्या बोटाखाली नेमका खड्डा पडून निघतो.

रोजच्या कामाला हाच वापरू की नवा घेऊ?

सुतारकाम हाच व्यवसाय असेल तर जाड काम इलेक्ट्रिक रंध्याला द्या आणि शेवटचा हात याला. नव्या हत्यारांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे, सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली. तिच्या १८ व्यवसायांत सुतार आहेत आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते.

आम्ही तिघे भाऊ, रंधा एक.

जो वापरणार त्याला द्या. तिघेही वापरणार नसतील तर ज्याच्या घरात ओल कमी त्याला.

पुण्याला भावाकडे पाठवायचाय, एस.टी.च्या पार्सलने गेला तर?

जाईल, पण जोडलेल्या अवस्थेत पाठवू नका. खाली पडला की ओतीव अंग तोंडापाशी तडकतं, ते नीट जुळवणं फार कठीण. पातं, टोपी, बैठक वेगळी काढा. धारेवर रबरी नळीचा तुकडा चिरून बसवा, प्रत्येक भाग वेगळ्या कापडात, आणि अंगाच्या आत कापडाचे बोळे ठासून भरा. स्क्रू एका छोट्या डबीत, आणि ती डबी मुठीला बांधून. मूठ-गोंडा सोडवू नका, ते बोल्ट प्रवासात हरवले तर वर सांगितलेली लेथवाल्याची वारी त्याला पुण्यात करावी लागेल.